धडधाकट दिसणं हा काय गुन्हा आहे का?

गोव्यात म्हापशाला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट साईज फोटो आणि ऑनलाईन फॉर्म, म्हणजे आधार, पॅन, वीजबिल, नोकरीचे अर्ज असलं सगळं. गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट, पाऊस असा कोसळत होता की समोरचं मेडिकल दिसेना, आणि एक माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. आत येईना. कॉलरचा शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला, काखेत तांदळाच्या पोत्याचं बोचकं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्यातले एक काका, शिकलेले, रिटायर्ड, चांगला माणूस खरं तर, त्याच्याकडे बघून मला म्हणाले, "धडधाकट आहे रे हा, काम करायला काय होतं ह्यांना?"

त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

काका जाईपर्यंत तो तिथंच थांबला. मग बोचक्यातनं एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातनं दुसरी, त्यातनं तिसरी, आणि त्यातनं इलेक्शन कार्डाची एक झेरॉक्स, घडीवर फाटलेली, फोटोच्या जागी नुसता काळा डाग. "भाऊ, ह्याच्यावरनं आधार काढून मिळेल का, माझं गेलं पाण्यात." आणि हे विचारायच्या आधी त्याने खिशातली पन्नासची ओली नोट काउंटरवर सरळ करून ठेवली होती. आधी पैसे, मग प्रश्न. कारण त्याला अनुभवानं माहीत होतं की पैसे दिसल्याशिवाय त्याचं कोणी ऐकून घेत नाही.

तो 'धडधाकट' शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यातनं जात नाही. रस्त्यावर बाई दिसली की आपण निदान 'बिचारी' म्हणतो (आणि रात्री तिच्यावर जे गुदरतं ते ह्या पुरुषांपेक्षा कितीतरी भयंकर असतं, ते मी एक क्षणही विसरत नाही), लहान मुलाला बिस्किटाचा पुडा देतो, म्हाताऱ्याच्या हातावर नाणं ठेवतो. पण चाळीस-पन्नासचा पुरुष फूटपाथवर दिसला की आपण पहिले त्याचे हातपाय बघतो. हात आहेत, पाय आहेत, मग का बसलाय? आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो, आळशी असणार, दारुडा असणार, चोर असणार. त्याला विचारत कोणीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बेघर पुरुषाशी पोलीस जसे वागतात, पेपर जसे लिहितात, कायदा जसा बघतो आणि आपण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे टाकतो ते सगळं ह्या एका शब्दावर उभं आहे, आणि तो शब्दच खोटा आहे. आपल्याकडे पुरुष कमावतो तोवर तो घरातला, गावातला, माणसातला. कमाई गेली की त्याची जागा जाते, आणि जागा गेल्यावर आपण त्यालाच विचारतो की तू कमवत का नाहीस.

तो कोण होता ते हळूहळू कळलं. नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. पेडण्याकडचा, आपलाच, भायलो (बाहेरचा) बियलो नाही. वीस वर्षं किनारपट्टीवर किचनमध्ये होता, आधी भांडी घासायला, मग कुकच्या हाताखाली. पगाराबरोबर खोली, म्हणजे सहा जणांत एक खोली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काम गेलं आणि त्याच आठवड्यात खोली गेली.

हे गोव्याचं खास आहे आणि ह्यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडे हजारो पुरुषांना नोकरी आणि खाट एकाच मालकाकडून मिळते. शॅकवरचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी झोपडी-हॉटेलातला, वेटर शॅकच्याच मागं झोपतो, बिल्डिंगच्या साईटवरचा मजूर साईटवर, सिक्युरिटीवाला केबिनमध्ये, ट्रॉलरवरचा खलाशी ट्रॉलरवर. मालक म्हणाला उद्यापासनं येऊ नकोस की त्याच रात्री झोपायचं कुठं हा प्रश्न. आणि बघा हे कधी होतं. मे संपला की शॅक उतरतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बांधकामं पावसात मंद होतात. म्हणजे ज्या महिन्यात छप्पर सगळ्यात जास्त लागतं नेमक्या त्याच महिन्यात कामं सुटतात. बहुतेक जण गावी जातात, ओडिशा, झारखंड, कर्नाटक, नेपाळ. ज्यांना गाव उरलेलं नाही, किंवा रिकाम्या हातानं गावात पाय ठेवायची लाज वाटते, ते इथंच राहतात. ते मग आपल्याला मार्केटच्या गॅलरीत दिसतात आणि आपण म्हणतो यंदा भिकारी वाढले.

ट्रॉलरवरच्यांचं तर घर असल्यासारखं दिसतं तेव्हाही नसतं. 2024 साली दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर कॉलरा पसरला आणि त्यात माणसं मेली, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की इतकी माणसं तिथं धड संडास आणि पाण्याशिवाय दिवस काढत होती. तोपर्यंत आपण त्यांनी धरून आणलेले बांगडे खात होतो, बस.

आता धडधाकट म्हणजे काय ते जरा बघू. आमचा हा माणूस रात्री अकरानंतर गॅलरीत आडवा व्हायचा, कारण त्याआधी दुकानं बंद होत नाहीत. पहाटे साडेचार-पाचला भाजीचे टेम्पो लागतात तेव्हा उठायचं. मधल्या वेळात डास, कुत्री, एकदोनदा पोलिसांची काठी, आणि बोचकं डोक्याखाली घट्ट धरून झोपायचं कारण चोरी त्यांच्याच चपलांची नि पिशव्यांची होते. म्हणजे झोप सलग तीन तास. असं चार दिवस आपण काढून बघावं. ह्याला सहा वर्षं झाली. सकाळी आंघोळीला पैसे, संडासाला पैसे, कपडे धुतले तर वाळत घालायला जागा नाही आणि पावसाळ्यात तर ते वाळतच नाहीत, ओले कपडे अंगावरच वाळवायचे. मग अंगाला वास येतो. वास आला की हॉटेलवाला दारातनंच परत पाठवतो, किचनमध्ये कसा घेणार, त्याचंही बरोबर आहे. म्हणजे काम मिळायला आंघोळ हवी, आंघोळीला जागा हवी, जागेला पैसे हवेत, पैशाला काम हवं. ह्या चक्रात माणूस कुठनं आत शिरेल ते कोणीतरी मला दाखवा. आणि पायाला भेग पडून त्यात गटाराचं पाणी गेलंय, दात दुखतायत, रात्री दिसत कमी, हे लांबनं दिसत नाही, लांबनं तो धडधाकटच दिसतो.

दारूचं म्हणाल तर हो, पितो. सगळे नाही पण बरेच पितात. मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ, प्यायल्याशिवाय तिथं झोप लागत नाही, आणि प्यायलो की पावसाचं कळत नाही." गोव्यात उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनला कोण पीत नाही सांगा. आपण घरात पितो म्हणून आपल्याला कोणी दारुडा म्हणत नाही, भिंती आहेत ना मध्ये. त्याच्याकडे भिंत नाही म्हणून त्याचं पिणं सगळ्या गावाचं झालं. दारूनं त्याचं वाटोळं केलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण ज्यांची घरं शाबूत आहेत अशा किती दारुड्यांना आपण सांभाळून घेतो ते प्रत्येकानं आपापल्या वाड्यावर बघावं.

कागदांचं तर मी रोजच बघतो, माझा धंदाच तो. आधार हरवलं, नंबर पाठ नाही. मोबाईल गेला म्हणजे ओटीपी येणार नाही. सेंटरवर बोट लावलं तर मशीन घेईना, वीस वर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेषाच उरल्या नव्हत्या. शेवटी तिसऱ्या खेपेला डोळ्याच्या स्कॅनवर सापडलं. सापडलं पण पत्ता जुना, त्या शॅकमालकाच्या खोलीचा. पत्ता बदलायला पुरावा हवा. आधारच्या नियमात मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, हे मला माहीत होतं, पण त्यासाठी माणूस आधी निवारागृहात राहायला हवा. आणि भाड्याची खोली घ्यायची तर भाडेकरू पडताळणीचा फॉर्म, त्याला पुन्हा आधार. मी हे फॉर्म रोज भरतो, कोणाही धड माणसाचे दोन मिनिटांत होतात. ह्याच्यासाठी मी अडीच महिने घालवले, आणि माझ्याकडे कॉम्प्युटर, इंटरनेट, ओळखी सगळं होतं.

सरकारी योजना? दयानंद सामाजिक सुरक्षा म्हटलं तर साठी पूर्ण हवी, नाहीतर विधवा किंवा दिव्यांग हवं, आणि वर गोव्यात 15 वर्षं राहिल्याचा दाखला. गृह आधार विवाहित बायकांना. ह्या योजना चांगल्या आहेत, माझ्या आईला मिळते पेन्शन, त्या तशाच चालू राहू देत. पण सत्तेचाळीस वर्षांच्या एकट्या, घर नसलेल्या पुरुषासाठी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. तो धडधाकट आहे ना, म्हणजे त्याला गरज नाही, असं धरूनच सगळे फॉर्म बनलेत.

मग सरकारचा आणि त्याचा संबंध येतो कुठं, तर भीकबंदीच्या कायद्यात. मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा 1959 चा, गोव्याचा स्वतःचा 1972 चा. मुंबईच्या कायद्यात भिकारी कोण ह्याची जी व्याख्या आहे ती एकदा वाचाच. नुसता हात पसरणारा नाही, तर ज्याचं पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो की तो भीक मागून जगत असावा असं वाटेल, तोही त्यात येतो. म्हणजे मागायची गरजच नाही, तसं *दिसलं* तरी पुरे. माझ्या पायरीवर भिजत उभा राहिलेला माणूस, हातात पन्नासची नोट घेऊन, तो ह्या व्याख्येत बसतो. आणि पहिल्या खेपेला 1 ते 3 वर्षं डांबून ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर 10 वर्षांपर्यंत. कितीतरी गुन्हेगार ह्यापेक्षा लवकर बाहेर येतात.

दिल्ली हायकोर्टानं ऑगस्ट 2018 मध्ये ह्याच मुंबईच्या कायद्यातली, भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. ज्याला जगायला सरकारनं काही दिलं नाही त्याला जगायचा प्रयत्न केला म्हणून गुन्हेगार कसं ठरवता, असा त्याचा गाभा. भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या असतील तर त्यांच्यासाठी वेगळा कायदा करा, हेही कोर्टानं मोकळं ठेवलं, त्यामुळं 'हे सगळं रॅकेट असतं' म्हणणाऱ्यांनाही तिथं उत्तर मिळतं. मग जुलै 2021 मध्ये, कोविडच्या काळात, भिकाऱ्यांना रस्त्यावरनं हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा कोर्टानं सांगितलं की आम्ही असा उच्चभ्रू दृष्टिकोन घेणार नाही, माणूस भीक मागतो तो गरिबीमुळं. पण हे निकाल दिल्लीत राहिले, आपल्या डोक्यात आलेच नाहीत. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जवळ आला की काही फूटपाथ अचानक मोकळे दिसतात हे मी दरवर्षी बघतो. माणसं कुठं जातात? तर पुलापलीकडे, पर्वरीला, म्हापशाला, माझ्या दुकानासमोर. महिन्याभरानं परत जातात. एवढ्यात कोणाचाच प्रश्न सुटलेला नसतो, फक्त पाहुण्यांच्या डोळ्यासमोरनं माणसं हलवलेली असतात.

आणि आकडा किती म्हणाल? 2011 च्या जनगणनेत भिकारी नि भटके म्हणून अख्ख्या देशात 4.13 लाख मोजले, त्यात 2.21 लाख पुरुष. गोव्यात 247. बेघर देशात 17.7 लाख, त्यांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली. 247 हा आकडा कमी असेल, मोजायचे राहिलेही असतील, दुप्पट धरा, पाचपट धरा. तरी ह्या एवढ्या श्रीमंत राज्याला जड जावा असा तो आकडा आहे का? त्याच जनगणनेत गोव्यातल्या घरांपैकी साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं. देशात सगळ्यात जास्त प्रमाण आपलं. माणसं रस्त्यावर आणि घरांना कुलपं.

ही कुलपं माझ्या डोळ्यासमोर आहेत. आमच्या वाड्यावरच एक जुनं घर, मालक सगळे बाहेर, कोणी लिस्बनला कोणी मुंबईला, हिश्शाची भांडणं वर्षानुवर्षं चाललेली. त्याच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) दोन वर्षांपूर्वी एक म्हातारा झोपायला लागला. कोणाला त्रास नाही, उलट अंगणातला पातेरा झाडायचा. वाड्यावरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, 'सावधान' लिहून. आठ दिवसांत बाल्कांवाला लोखंडी ग्रिल लागलं. अहो, बाल्कांव बांधलं कशाला होतं? रस्त्याकडे तोंड करून दोन्ही बाजूला बसायच्या जागा केल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकावं म्हणूनच ना. आपल्या देवळांना अग्रशाळा आहेत, लांबनं आलेल्याला रात्री पाठ टेकता यावी म्हणून बांधलेल्या. म्हणजे वाटेवरच्या माणसाला छप्पर द्यायचं असतं हे आपल्या वाडवडलांना कळत होतं, ते कायद्यानं शिकवावं लागलं नव्हतं.

माझ्या पायरीवरचा तो माणूसही कागदावर घराचा मालक आहे बरं का. बापाच्या घरात चार भावंडांचा सारखा वाटा, गोव्याचा कायदाच तसा. पण घराची एक भिंत पावसात गेली, उरलेल्या दोन खोल्यांत मोठ्या भावाचा संसार, आणि हा पैसे पाठवत होता तोवर चवथीला त्याची वाट बघायचे. पैसे थांबले, वाट बघणंही थांबलं. त्याला कोणी घालवून दिलं नाही. "मीच गेलो नाही परत. हात हलवत कसा जाऊ?" म्हणाला. ह्यावर मी काय बोलणार? आपणच मुलग्यांना लहानपणापासून शिकवलं ना, की कमावून आण मग बस.

आता पेपरातलं. 'बेवारस मृतदेह सापडला', 'भिकाऱ्यांचा उपद्रव', 'भिकाऱ्यांचा सुळसुळाट'. उपद्रव आणि सुळसुळाट हे शब्द आपण डासांना, उंदरांना, भटक्या कुत्र्यांना वापरतो. बेवारस हा शब्द रेल्वे स्टेशनवरच्या बॅगेला वापरतो. गेल्यानंतर त्याची बातमी चार ओळींची, वय अंदाजे पन्नास, अंगात निळा शर्ट, उजव्या हातावर गोंदण. कधी कुठल्या पत्रकारानं जिवंत असताना त्याला विचारलेलं नसतं की त्या गोंदणात कोणाचं नाव आहे. पत्रकारांना दोष देण्यात मला रस नाही, त्यांच्यावर डेडलाईन असते, पण 'अनोळखी पुरुष' लिहायला 'बेवारस'पेक्षा फार जास्त जागा लागत नाही.

शब्दांनी माणसं मरतात, हे मी वाढवून सांगत नाहीये. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं गेले. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. गावानं पाचही जणांना ठेचून मारलं. पाच धडधाकट पुरुष, अनोळखी, अंगावर साधे कपडे, एवढंच दिसलं लोकांना. पिढ्यान्पिढ्या ज्यांचं भिक्षा हेच जगणं ते कोण आहेत हे विचारायला कोणी थांबलं नाही. तसलेच मेसेज आजही आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर येतात, कोणाचा तरी फोटो, दाढी वाढलेला, खाली 'शेअर करा'. मी प्रत्येक वेळी विरोध करतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी लिहितं, तुझ्या घरात नेऊन ठेव मग.

आणि ह्याच्या बरोबर उलट, म्हणजे दिसायला उलट, ते रील. बेघर माणसाला पकडायचं, त्याची दाढी काढायची, आंघोळ घालायची, नवा शर्ट घालायचा, आधी आणि नंतर, पाठीमागं गाणं. करणाऱ्या पोरांचं मन चांगलं असतं, मी दोघातिघांना ओळखतो. पण त्या माणसाचं उघडं अंग लाखो लोक बघतात, त्याची मुलगी कुठंतरी शाळेत असेल ती बघते, हे त्याला कोणी विचारलं का? एकानं मला सांगितलं की व्हिडिओ नको म्हटलं तर जेवण पण नाही मिळालं. आपल्या वडिलांना न्हाऊ घालताना आपण कॅमेरा लावू का? दुसऱ्या दिवशी तो शर्ट पुन्हा गॅलरीत मळतो, कारण रीलमध्ये आंघोळ होती, घर नव्हतं. ह्यापेक्षा 'स्ट्रीट प्रॉव्हिडन्स'सारखी माणसं, जी रस्त्यावरच्यांना रोज जेवण पोचवतात आणि उचलून आसऱ्याला नेतात, त्यांचं काम मला कितीतरी मोठं वाटतं, पण एका संस्थेनं सगळं राज्य उचलावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

काही जण खरोखरच मनानं आजारी असतात. हायवेवर पाठीला पोती बांधून चालणारा, स्वतःशी बोलणारा. आपण 'पिसो' (वेडा) म्हणतो आणि गाडीची काच वर करतो. डॉ. भरत वाटवानी, ज्यांना 2018 साली मॅगसेसे मिळालं, त्यांच्या कामाची सुरुवात मुंबईत अशाच एका तरुणापासून झाली, तो करवंटीनं गटारातलं पाणी पीत होता. उपचार झाल्यावर कळलं की तो शिकलेला, लॅबोरेटरीचा डिप्लोमा केलेला, आंध्रातल्या चांगल्या घरचा. त्यांच्या श्रद्धा संस्थेनं कर्जतला अशा हजारो जणांना बरं करून घरी पोचवलंय, म्हणजे ज्यांना आपण बेवारस म्हणतो त्यांना वारस असतात, शोधावे लागतात. आणि हे नुसतं धर्मादाय काम राहिलेलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 सांगतं की असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेणं, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोचवणं आणि बेघर असेल तर हरवल्याची तक्रार नोंदवून घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची *जबाबदारी* आहे, लॉकअपमध्ये ठेवायला तर स्पष्ट मनाई आहे. आपल्याकडे बांबोळीला मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे, म्हापशापासनं जेमतेम पाऊण तास. असा माणूस दिसला तर ठाण्यात फोन करून कलम 100 एवढं नाव घ्या. मी दोनदा घेतलं, एकदा गाडी आली.

गाडगेबाबा आठवतात मला अशा वेळी. 1905 साली घर सोडून निघाले, अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात फुटकं गाडगं आणि खराटा, एका कानात कवडी. त्यांना लोक सुरुवातीला काय समजले असतील? हाकललंच असेल की कित्येक दारांतनं. आणि ह्या स्वतःचं घर नसलेल्या माणसानं बांधल्या काय, तर धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी. देऊळ नाही बांधलं. वाटेवरच्या माणसाला आधी छप्पर लागतं हे ज्याला छप्पर नव्हतं त्याला कळलं होतं. आपण त्यांचे फोटो शाळेत लावतो, स्वच्छतेच्या मोहिमेला त्यांचं नाव देतो, आणि तसाच माणूस पायरीवर आला तर म्हणतो धडधाकट आहे, काम कर. गावच्या जत्रेच्या नाटकात घर गमावलेल्या म्हाताऱ्याचा सीन आला की अर्धं गाव रडतं, मी पण रडतो. नाटक सुटल्यावर मंडपाच्या कडेला झोपलेल्याला ओलांडून आपण गाडीकडे जातो.

आता काय करायचं, ते सांगतो, कारण नुसतं हळहळून त्याची रात्र जात नाही. शहरी बेघरांसाठी केंद्राची योजना 2013 साली आली, तिचं प्रमाण असं, दर 1 लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा कायमचा, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा. गोव्यात अडचण अशी की 2011 च्या आकड्यांप्रमाणे आपल्या एकाही नगरपालिकेची लोकसंख्या लाखाला पोचत नाही, मुरगाव त्यातल्या त्यात जवळ. पण सगळी शहरी वस्ती मिळून 9 लाखांच्या आसपास होते. त्या हिशोबानं राज्यात 900 जणांची सोय हवी. प्रत्येक तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एक मोठी खोली, पंखे, संडास, आंघोळीला पाणी, आणि लॉकर. लॉकर फार महत्त्वाचा आहे, निवारा म्हटलं की आपण खाटा मोजतो, पण बोचकं ठेवायला जागा मिळाली की तो माणूस दिवसभर मोकळ्या हातांनी काम शोधू शकतो. जूनच्या आधी उघडा. आत घेताना आधार मागू नका, दारू प्यायलाय म्हणून परत पाठवू नका, गोंयकार की भायलो हेही विचारू नका, ते सकाळी चहा पिताना विचारता येईल. आणि हे जमत नाही म्हणू नका, लॉकडाऊनमध्ये काही दिवसांत आपण स्टेडियम उघडून माणसांची सोय केली होती. तेव्हा आपल्याला त्यांच्यामुळं रोगाची भीती होती म्हणून झालं.

गोव्याचा 1972 चा भीकबंदीचा कायदा काढून टाका, निदान नुसतं गरीब दिसणाऱ्याला उचलायचं थांबवा. अग्रशाळेतली एक खोली पावसाळ्यापुरती द्यायला देवळाच्या महाजनांना जड जाऊ नये असं मला वाटतं, तसंच चर्चच्या हॉलचं. बाकी दुकानदारांना माझं एक सांगणं, तुमच्याकडे ड्रॉवर असतो. माझ्या ड्रॉवरमध्ये आता चार जणांच्या कागदांच्या फाईल आहेत, लॅमिनेशन करून ठेवलेल्या. पावसात भिजत नाहीत, चोरीला जात नाहीत. मला ह्याचा काडीचा त्रास होत नाही.

त्या पेडण्याच्या माणसाला आता एका खानावळीत सकाळचं काम आहे, खोली अजून नाही. मतदार यादीतनं त्याचं नाव कधीचं गेलंय, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही फॉर्म 6 भरला. निवडणूक आयोगाचा एक नियम आहे आणि तो मला फार आवडतो, बेघर माणसानं तो जिथं झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची, पुरावा लागत नाही, बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या सरकारी माणसानं, एकापेक्षा जास्त रात्री तिथं जाऊन बघायचं की माणूस खरंच तिथं झोपलाय का. फॉर्मवर मी लिहिलं, मार्केटची गॅलरी, अमुक नंबरच्या दुकानासमोर. त्याने ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "पण भाऊ, ते येतील त्याच रात्री मला उठवून लावलं तर?" हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शटर ओढून मी सरळ मार्केटच्या वॉचमनकडे गेलो आणि सांगून आलो, पुढचे पंधरा दिवस ह्याला तिथनं हलवायचं नाही, सरकारी माणूस येणार आहे त्याचा पत्ता बघायला.